‘स्वामी’ वाचून झाल्यावर : रमा-माधव आणि तो शेवट

घंटाळी (धागाकर्ती)

आमच्या वाचनगटाने या महिन्यात रणजित देसाईंची ‘स्वामी’ घेतली होती. एरवी तासाभरात चर्चा आटोपते, पुढचं पुस्तक ठरतं आणि मंडळी घरी जातात. या वेळी दोन तट पडले. सोसायटीच्या हॉलचे अर्धे दिवे मालवले गेले तरी कोणी खुर्ची सोडेना. तो वाद अर्धा राहिलाय, म्हणून इथे आणते आहे.

कादंबरी १९६२ ची. १९६४ साली तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एवढी वर्षं झाली, तरी आमच्या वाचनालयात तिला अजून नंबर लावावा लागतो. मला मिळालेली प्रत दोनदा बांधून घेतलेली होती. सुरुवातीची पानं बऱ्यापैकी धड, आणि शेवटची तीसेक पानं कडांना मऊ, पिवळी, कोपरे दुमडलेली. लोक कुठे परत परत जातात ते त्या प्रतीवरच दिसतं.

माझं मत आधी सांगते. नवरा-बायकोच्या प्रेमावर इतकं मन लावून लिहिलेलं दुसरं मराठी पुस्तक माझ्या वाचनात नाही. आपल्याकडे प्रेमकथा बहुतेक वेळा अक्षता पडल्या की संपते. इथे ती तिथून सुरू होते. थोरल्या माधवराव पेशव्यांचा जन्म १७४५ चा, रमाबाईंशी लग्न १७५३ चं. दोघंही लहान, एकमेकांच्या डोळ्यांदेखत मोठी झालेली. पानिपताला सहा महिने होतात न होतात, वडील नानासाहेब नुकतेच गेलेले आणि सोळाव्या वर्षी पेशवाईची वस्त्रं अंगावर येतात. पुढे अकरा वर्षं निजाम, हैदर, कर्ज, घरातले काका. सत्ताविसाव्या वर्षी क्षयाने पुण्याजवळ थेऊरला मृत्यू. या सगळ्या धबडग्यात दोन माणसं एकमेकांना धरून राहतात, हे देसाईंनी असं रंगवलंय की मी काही पानं मुद्दाम सावकाश वाचली.

आणि मग तो शेवट. रमाबाई सती जातात. तो इतका देखणा उतरलाय की मला त्या देखणेपणाचाच त्रास होतो. गटातल्या एकीला तिथे रडू आवरलं नाही, दुसरीला संताप आला. मला दोन्ही झालं.

तुम्हाला काय वाटलं ते लिहा. आवडली किंवा नाही एवढ्यावर सोडू नका, कशामुळे ते सांगा.

---

खाडीपूल

दहावीच्या सुट्टीत एका बैठकीत वाचली होती. नंतर दूरदर्शनवर मालिका आली. रवींद्र मंकणी आणि मृणाल देव. आजही माधवराव म्हटलं की मला मंकणींचाच चेहरा दिसतो. शेवटाबद्दल एवढंच म्हणेन की जे घडलं ते घडलं. १८ नोव्हेंबर १७७२, कार्तिक वद्य अष्टमी. लेखक ते बदलू शकत नव्हता.

---

बखरवाचक

घंटाळीताई, मला ही कादंबरी प्रेमकथा म्हणून आवडते आणि माधवरावांचं चरित्र म्हणून खटकते. कारण सविस्तर देतो.

माधवरावांच्या कारकिर्दीचे कागद भरपूर आहेत. सरदेसायांनी संपादलेले पेशवे दफ्तराचे ४५ खंड आहेत, वासुदेवशास्त्री खऱ्यांचा ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ आहे. त्यात काय सापडतं? फौजेचा आकडा, रसद, सावकाराचे तगादे, कोणत्या सरदाराने कुठे कुचराई केली. त्या ढिगात रमाबाई अगदी क्वचित भेटतात. म्हणजे आपल्याला पाठ झालेली रमा आणि तिचा माधव ही बहुतांशी देसाईंची निर्मिती आहे. कादंबरीकाराला तो हक्क आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार वाचकांबद्दल आहे. कादंबरीतले संवाद व्याख्यानांत, शाळेच्या भाषणांत इतिहास म्हणून ठोकून दिले जातात. ऐकणाऱ्यालाही शंका येत नाही.

आणि या गोडव्यात खरा माणूस मागे पडतो. १७६२ च्या अखेरीस आळेगावला काका राघोबादादांपुढे शरण जावं लागलं, काका निजामाला हाताशी धरून आले होते. पुतण्याने तो अपमान गिळला. पुढच्याच वर्षी, १० ऑगस्ट १७६३ ला, राक्षसभुवनावर गोदावरीला पूर आलेला, निजामाची फौज दोन तीरांवर विभागलेली, आणि त्या संधीचा या अठरा वर्षांच्या मुलाने काय उपयोग केला! वेठबिगारीला आळा घातला, रामशास्त्र्यांसारख्या न्यायाधीशाचं ऐकून घेतलं. पानिपतचं मैदानही मराठी राज्याला या पेशव्याच्या अकाली मृत्यूपेक्षा अधिक घातक नव्हतं, असं ग्रँट डफसारख्या ब्रिटिश इतिहासकाराने लिहून ठेवलंय. कादंबरीत यातलं बरंच येतं, पण वाचून उठलेल्या माणसाला विचारा, तो थेऊरच सांगतो.

---

रानजाई (नेरूळ)

बखरवाचक, तुमचा अभ्यास मानते, पण इथे मला तुमच्याशी भांडायचं आहे.

रमाबाई कागदांत नाहीत हे खरं. कशा असतील? ते कागद कोणी लिहिले? कारकुनांनी, वकिलांनी, सरदारांनी. फडावर बसून माजघरातलं कोण लिहिणार? नवरा रात्री खोकायला लागला की उठून पाणी देणाऱ्या बाईची नोंद दफ्तराच्या कोणत्या रुमालात सापडेल? कागद गप्प आहेत म्हणून तिथे काही नव्हतंच असं होत नाही. त्या जागी कादंबरीकार जातो. देसाई तिथे गेले, हेच मला मोलाचं वाटतं.

आता एक हिशेब बघा, जो वाचताना मला सारखा छळत होता. मोहिमेची रीत काय? दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघायचं आणि पावसाच्या तोंडावर परतायचं. म्हणजे पेशव्याच्या बायकोला नवरा मिळणार तो चातुर्मासात. वर्षाचे पावसाळी चार महिने, तेही व्रतवैकल्यांचे, पाहुण्यांचे, दरबाराचे. राक्षसभुवन झालं ते तर ऐन ऑगस्टात, म्हणजे त्या साली तेवढेही नाहीत. कर्नाटकच्या स्वाऱ्या लांबत जायच्या. मग आजारपण आलं. एवढ्याशा वेळात दोन माणसांनी एकमेकांना ओळखायचं कसं? कादंबरीतले त्यांचे प्रसंग मला याच पार्श्वभूमीवर दिसतात. म्हणून ते संवाद कोणाला लांबलेले वाटत असतील, मला ते घाईने, वेळ संपायच्या आत बोलून घेतलेले वाटतात.

---

वाशीकरीण

रानजाई, पावसाळ्याचा हिशेब वाचून अंगावर काटा आला. आता पुन्हा वाचणार.

---

ऐरोलीकर

माझं मत बहुतेक कोणाला आवडणार नाही, पण विचारलंय म्हणून प्रामाणिकपणे लिहितो. मला ही कादंबरी शंभर पानांच्या पुढे नेववली नाही. ठाणे-वाशी लोकलमध्ये जाता-येता वाचत होतो. इतिहासाची आवड आहे, किल्ले करतो, त्यामुळे उत्साहाने घेतली होती.

माझी अडचण भाषेची आहे. प्रत्येक जण रंगमंचावर उभा राहून बोलतोय असं वाटतं. नवरा-बायको एकटी असतानाही दरबारी बोलतात. प्रत्येक संवादाच्या शेवटी टाळीची जागा. त्या काळची खरी पत्रं मी थोडीफार वाचली आहेत, ती रोखठोक असतात, पैसे पाठवा, दाणावैरण नाही, माणसं उपाशी आहेत. त्या पत्रांतला माणूस मला जास्त जवळचा वाटतो. इथे माधवराव सतत उदात्त आहेत. ते चिडल्यावरही उदात्त चिडतात. ज्याला कधी क्षुद्र वाटत नाही, कधी नुसता कंटाळा येत नाही, त्याच्या प्रेमावर माझा विश्वास बसत नाही.

---

घंटाळी

ऐरोलीकर, तुमचा मुद्दा नीट पोचला. भाषा नाटकी आहे, मान्य. ‘स्वामी’ ज्या पिढीने डोक्यावर घेतली ती संगीत नाटकांवर आणि कीर्तनावर वाढलेली होती. तिला कानाला गोड लागणारं वाक्य हवं असायचं. मोठ्याने वाचून बघा, फरक पडतो. आमच्या गटात एका काकांनी राघोबादादा-माधवराव समोरासमोर येतात तो भाग वाचून दाखवला, तेव्हा ज्यांना भाषा जड वाटत होती तेही ऐकत राहिले. लोकलमध्ये तुकड्या-तुकड्याने वाचायचं हे पुस्तक नव्हे.

उदात्ततेबद्दल मात्र मी तुमच्या बाजूची. माधवराव तापट होते असं इतिहास सांगतो. आईशी बिनसलं, गोपिकाबाई नाशिकजवळ गंगापूरला जाऊन राहिल्या. आईसारखी आई रुसून जाते आणि मुलगा राज्याच्या शिस्तीपायी मागे हटत नाही, यातला कठोरपणा मला अजून हवा होता. रमाबाई त्या दोघांच्या मध्ये होत्या. सासू आणि नवरा यांच्यामधल्या सुनेचे ते दिवस कसे गेले असतील?

---

जुना ठाणेकर

सगळे रमा-माधवावर बोलत आहेत, मी काका-पुतण्यावर बोलतो. माझ्या मते या कादंबरीतली सर्वांत गुंतागुंतीची जोडी तीच आहे. राघोबादादा पराक्रमी, अटकेपर्यंत जाऊन आलेले, आणि तरी पुतण्याच्या हाताखाली राहणं सोसवेना. माधवराव त्यांना १७६८ ला धोडपला हरवतात, शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवतात, पण काका म्हणून पाया पडणं सोडत नाहीत. या नात्यात जेवढं प्रेम आणि जेवढं विष आहे तेवढं मला दुसरीकडे दिसलं नाही. रमाबाईंचे प्रसंग मला त्या ताणातून घेतलेल्या उसंतीसारखे वाटतात. उसंत हवीच, पण गाभा तिथे नाही.

आणि हे आपल्या ठाण्याला परकं नाही. कोपिनेश्वराचं देऊळ आज दिसतं ते पेशवाईत सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी बांधून घेतलेलं, याच पिढीतलं. माधवराव गेल्यावर वर्षाच्या आत, ३० ऑगस्ट १७७३ ला, त्यांच्या धाकट्या भावाचा, नारायणरावांचा, शनिवारवाड्यात खून झाला. घर फुटलं. राघोबा इंग्रजांच्या दाराशी गेले. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला, आणि पुढच्या मार्चमध्ये सुरतेच्या तहात साष्टी, वसई राघोबांनी लिहून दिली. चिमाजीअप्पांच्या मोहिमेत पोर्तुगीजांकडून रक्त सांडून घेतलेला हा मुलूख. तो किल्ला म्हणजे आपलं आजचं मध्यवर्ती कारागृह. मी रोज त्या भिंतीवरून जातो. थेऊरच्या त्या खोलीत एक तरुण माणूस खोकत होता त्याचा आणि या भिंतीचा थेट संबंध आहे, हे कादंबरी वाचून उठल्यावर मला जाणवतं. प्रेमकथेपेक्षा हे मला जास्त रडवतं.

---

खाडीपूल

जुना ठाणेकर, +१. कारागृहाची भिंत रोज बघतो, हा धागा जुळला नव्हता.

---

पानगळ

थोडं लांब लिहिणार आहे, कारण शेवटाबद्दल ‘घडलं ते घडलं’ असं वर लिहिलंय आणि ते मला पुरत नाही.

पेशव्यांच्या घरातल्या बायका बघा. १७४० ला बाजीराव गेले, काशीबाई सती गेल्या नाहीत. पुढे त्यांनी चासला सोमेश्वराचं देऊळ बांधलं. १७६१ ला नानासाहेब गेले, गोपिकाबाई सती गेल्या नाहीत, उलट राज्यकारभारात बोलत राहिल्या. त्याच वर्षी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पार्वतीबाईंनी ते मानलंच नाही, कुंकू पुसलं नाही, १७८३ पर्यंत जगल्या. नारायणरावांचा खून झाला तेव्हा गंगाबाई गरोदर होत्या, त्यांनी सवाई माधवरावांना जन्म दिला. चिमाजीअप्पांच्या मागे अन्नपूर्णाबाई गेल्या, हे खरं. पण एवढं दिसतं की या घरात सती जाणं ही सक्तीची रीत नव्हती. कितीतरी बायका मागे राहिल्या, मानाने राहिल्या.

मग रमाबाईच का? हा प्रश्न इतिहासाने विचारायला लावलाय आणि कादंबरी त्याचं एकच उत्तर देते, प्रेम. मला ते उत्तर अपुरं वाटतं. मूलबाळ नाही. वय तरुण. सासू दूर गंगापूरला. दीर अजाण, आणि ज्या काकांशी नवरा जन्मभर झुंजला ते नजरकैदेतून सुटायची वाट बघत वाड्यात बसलेले. त्या वाड्यात या विधवेचं पुढे काय झालं असतं? नारायणरावांचं काय झालं ते नऊ महिन्यांत दिसलं. रमाबाईंना ते आधीच दिसत नसेल असं मी मानत नाही. ती प्रेमात होती, त्याबरोबर ती शहाणी होती, आणि कदाचित तिला भीतीही वाटत होती. भीती वाटणारी रमा मला त्या शेवटच्या पानांत हवी होती. प्रेमाने उजळलेली रमा वाचून आपण रडतो आणि मोकळे होतो. घाबरलेली रमा वाचून आपल्याला मोकळं होता आलं नसतं.

१८२९ मध्ये कायद्याने बंदी आली, तरी १९८७ मध्ये राजस्थानात देवराळ्याला अठरा वर्षांची मुलगी चितेवर गेली आणि लाखोंनी तिच्या नावाने जयजयकार केला. त्यानंतर सतीच्या उदात्तीकरणाविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. १९६२ च्या लेखकाला मी १९८७ चा जाब विचारत नाही. मी आज वाचणाऱ्यांना विचारते आहे.

---

वाशीकरीण

पानगळ, तुमचं वाचून रात्रभर विचार केला. तरी माझं मत वेगळं आहे.

आम्ही दर वर्षी थेऊरला जातो. चिंतामणीचं दर्शन घ्यायचं, सभामंडपात बसायचं, मग नदीकाठी रमाबाईंच्या वृंदावनापाशी जायचं. मी सतीला नमस्कार करत नाही. रमाबाईंना करते. गणपतीच्या समोर आजारी नवऱ्याला घेऊन शेवटचे दिवस काढणारी बाई, औषधपाणी बघणारी, दरबारातून येणाऱ्या माणसांना तोंड देणारी. मी स्वतः घरात लांबलेलं आजारपण काढलंय. पलंगावरच्या माणसाचा श्वास मोजत बसणं काय असतं ते मला माहीत आहे. देसाईंनी थेऊरचे दिवस लिहिलेत ते मला त्या काळात आधार होते.

तुम्ही म्हणता ती घाबरली असेल. असेलही. पण तिने जे केलं ते फक्त परिस्थितीने ढकललं म्हणून केलं असं म्हटलं की तिचं असं काहीच उरत नाही. दोनशे पन्नास वर्षांनी आपण तिच्या प्रेमावर संशय घ्यायचा, हे मला जड जातं.

---

पानगळ

वाशीकरीण, तुमच्या घरातल्या आजारपणाबद्दल वाचून वाईट वाटलं, आणि तुम्ही इतक्या मोकळेपणाने लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. मी तिच्या प्रेमावर संशय घेत नाही. श्वास मोजत बसणं हे प्रेम आहेच, माझ्या मते तेच सर्वांत मोठं. माझं म्हणणं एवढंच की ते थेऊरच्या खोलीत सिद्ध झालं होतं. चितेवर ते सिद्ध करायची गरज उरली नव्हती. कादंबरीची रचना मात्र अशी आहे की चिता हाच प्रेमाचा कळस ठरतो आणि शुश्रूषा ही त्याची पायरी.

---

रानजाई (नेरूळ)

पानगळ, हे शेवटचं वाक्य मला पटलं. मी कादंबरीची बाजू घेत आले, पुढेही घेईन. पण आता वाचायला देताना थेऊरच्या दिवसांवर थांबून बोलेन.

---

बखरवाचक

पानगळ यांनी वाड्यातल्या परिस्थितीबद्दल लिहिलं त्यात एक भर. माधवरावांनी अखेरच्या दिवसांत राघोबांशी समेट करून नारायणरावांचा हात त्यांच्या हाती दिला, असं इतिहासात सांगितलं जातं. मरणाऱ्या माणसाला ज्याची भीती होती त्याच्याच हवाली धाकटा भाऊ करावा लागला. रमाबाई हे बघत होत्या. त्यामुळे भीतीचा तर्क निराधार नाही. पण तो तर्क आहे, पुरावा नव्हे, हेही तितक्याच ठामपणे नोंदवतो. देसाईंनी प्रेम गृहीत धरलं, आपण भीती गृहीत धरतोय.

---

ऐरोलीकर

हा धागा वाचून पुस्तक पुन्हा हातात घेतलंय. भाषेबद्दलचं मत कायम आहे. एक व्यवहाराचा प्रश्न. भाची नववीत आहे, तिला वाढदिवसाला ऐतिहासिक कादंबरी हवीये. ‘स्वामी’ द्यावी का?

---

जुना ठाणेकर

द्या. त्याच वयात वाचायचं पुस्तक आहे ते. आणि तिला घेऊन एकदा कोपिनेश्वर, तलावपाळी, कारागृहाची भिंत असं फिरवून आणा.

---

पानगळ

मी नववीतल्या मुलीला एकटीला देणार नाही. तिच्याबरोबर तुम्हीही वाचा. शेवट वाचून झाल्यावर तिला काशीबाई आणि पार्वतीबाई यांच्याबद्दल सांगा. पार्वतीबाईंची गोष्ट तर अशी आहे की तिला ती जास्त आवडेल. नवरा परत येईल म्हणून वर्षानुवर्षं वाट बघणारी बाई, आणि मध्येच कोणी तोतया उभा राहून म्हणतो मीच भाऊ. सगळं राज्य त्या तोतयाच्या चौकशीत गुंतलं, १७७६ ला त्याला देहदंड झाला, आणि ती तरीही वाट बघत राहिली. प्रेम ते नव्हे का?

---

वाशीकरीण

आहेच. पार्वतीबाईंचं मलाही वाचायचं आहे.

---

घंटाळी

गटाची पुढची बैठक पार्वतीबाई आणि तोतयाच्या प्रकरणावर ठेवते. बखरवाचक, तुमच्याकडे त्या काळच्या पत्रांच्या ज्या प्रती आहेत त्यातल्या निवडक घेऊन याल का? ऐरोलीकर, भाचीलाही आणा, आमच्याकडे शाळकरी कोणीच नाही. हॉल नेहमीचाच, वेळ संध्याकाळी साडेपाच. या वेळी दिवे मालवायच्या आत संपवायचं ठरवलेलं नाही.